एस-२१ : मारेकऱ्यांचे दप्तर आणि मारेकऱ्यांची साक्ष

नॉम पेन्ह ही कंबोडियाची राजधानी. तेथील तुओल स्लेंग या भागात एका जुन्या विद्यालयाच्या चार इमारती आजही उभ्या आहेत. मधे अंगण, अंगणात नारळाची व चाफ्याची झाडे, प्रत्येक मजल्यावर लांबच लांब व्हरांडा आणि व्हरांड्याला लागून वर्गखोल्या. आपल्याकडच्या कोणत्याही जिल्ह्याच्या गावी असे एखादे विद्यालय सापडावे. १९७६ पासून १९७९ च्या जानेवारीपर्यंत या विद्यालयात ‘एस-२१’ या सांकेतिक नावाचा तुरुंग होता. तुरुंग हा शब्दही येथे सैलच म्हणावा लागेल. कारण तुरुंगातून माणूस केव्हा तरी सुटतो अशी आपली समजूत असते. येथे आणलेल्यांपैकी किमान १२,२७२ माणसे मारली गेली असे पुढे न्यायासनाने नमूद केले, आणि नंतरच्या मोजणीत हा आकडा आणखी वाढला. जिवंत राहिलेल्यांची संख्या मात्र फार काळ सात एवढीच सांगितली जाई. पुढे आणखी मोजक्याच काहींचा तपास लागला.

याच इमारतींत, कंबोडियाचेच सुपुत्र रिथी पान यांनी एक माहितीपट चित्रित केला. ‘एस-२१ : ख्मेर रूजचे हत्यायंत्र’ असे त्याच्या नावाचे मराठी रूप करता येईल. २००३ साली तो कान येथील महोत्सवात दाखवला गेला. पावणेदोन तासांहूनही थोडी कमी अशी त्याची लांबी. सरकारी हुकमाने झालेल्या हत्याकांडांवर ग्रंथ पुष्कळ लिहिले गेले आहेत. पण ज्यांनी प्रत्यक्ष हाताने ते काम केले त्या माणसांना, त्याच जागी, त्यांच्या तावडीतून वाचलेल्या माणसासमोर उभे करून बोलते केल्याची उदाहरणे फार थोडी. आमच्या या टिपणाचा विषय तोच चित्रपट. परंतु तो समजण्यासाठी थोडा पूर्वेतिहास सांगणे भाग आहे.

१७ एप्रिल १९७५ रोजी ख्मेर रूज या साम्यवादी बंडखोरांच्या फौजा नॉम पेन्हमध्ये शिरल्या. त्यापूर्वीची पाच वर्षे देशात यादवी चालू होती आणि व्हिएतनामच्या युद्धाचा वणवा सीमा ओलांडून आत आला होता. १९६९ ते १९७३ या काळात अमेरिकेने कंबोडियाच्या खेड्यापाड्यांवर केलेल्या बाँबवर्षावाने हजारो शेतकऱ्यांची पोरे बंडखोरांच्या गोटात ढकलली, हे विसरून चालणार नाही. शहरात शिरताच विजेत्यांनी ते रिकामे करण्याचा हुकूम दिला. इस्पितळांतील रुग्णांसकट सुमारे वीस लाख माणसे रस्त्यावर आली व पायी खेड्यांकडे हाकलली गेली. चलन रद्द झाले, बाजार उठले, शाळा व विहार बंद पडले. सर्व सत्ता ‘अंग्कार’ म्हणजे ‘संघटना’ या एका निनावी शब्दात एकवटली. (अंग्कोरवटमधील अंग्कोर हा शब्द निराळा, तो आपल्या ‘नगर’ शब्दाचाच अपभ्रंश आहे. वाचकांनी गल्लत करू नये.) या संघटनेचा मुख्य पोल पॉट हा पॅरिसमध्ये शिकून आलेला, पण राज्य हाती आल्यावरही कित्येक महिने आपला मुख्य कोण हे देशातील बहुसंख्य प्रजेला ठाऊक नव्हते. पावणेचार वर्षांत उपासमार, अतिश्रम, रोगराई आणि हत्या यांनी पंधरा ते वीस लाख माणसे गेली. देशाची लोकसंख्या त्या वेळी ऐंशी लाखांच्याही आतच होती. ७ जानेवारी १९७९ रोजी व्हिएतनामच्या फौजांनी नॉम पेन्ह घेतले तेव्हा हे राज्य कोसळले. त्यानंतरही जगातील बड्या राष्ट्रांनी संयुक्त राष्ट्रसंघातील कंबोडियाची जागा कित्येक वर्षे त्याच पदच्युत राजवटीकडे राहू दिली. भारताने मात्र जुलै १९८० मध्ये नव्या सरकारला मान्यता दिली, आणि पुढे आपल्या पुरातत्त्व खात्याची माणसे अंग्कोरवटच्या डागडुजीसाठी तेथे गेली.

रिथी पान यांचा जन्म १९६४ चा. अंग्कारचे राज्य आले तेव्हा हा मुलगा जेमतेम अकरा वर्षांचा. वडील शिक्षण खात्यातील अधिकारी. खेड्यात हाकलल्यावर, जनावरांनी खावे असले अन्न आपण खाणार नाही असे म्हणून वडिलांनी अन्न वर्ज्य केले आणि ते गेले. आई, बहिणी, भाचरे अशी माणसे एकामागून एक नाहीशी झाली. १९७९ मध्ये हा पोरका मुलगा सीमा ओलांडून थायलंडमधील निर्वासितांच्या छावणीत पोहोचला व तेथून फ्रान्सला गेला. पॅरिसमध्ये त्याने चित्रपटविद्येचे शिक्षण घेतले. एवढे सांगण्याचे कारण असे की, ज्याचे सर्वस्व गेले त्याने मारेकऱ्यांवर काढलेला चित्रपट म्हटल्यावर आपल्या मनात एक अपेक्षा तयार होते. तो आरोपपत्र असेल, त्यात आक्रोश असेल, असे वाटते. प्रत्यक्षात या चित्रपटात निवेदकाचा आवाजच नाही, आणि दिग्दर्शक स्वतः पडद्यावर येत नाही.

चित्रपटाची बीजे एका योगायोगात आहेत. १९९६ मध्ये पान याच ठिकाणी दुसऱ्या एका माहितीपटाचे काम करीत होते. त्यांच्याबरोबर वान नाथ हे चित्रकार होते. बट्टमबांग शहरात दुकानांच्या पाट्या व सिनेमाची पोस्टरे रंगवणारे हे गृहस्थ १९७७ च्या अखेरीस पकडले गेले, जानेवारी १९७८ मध्ये एस-२१ मध्ये आणले गेले आणि केवळ पोल पॉटची चित्रे काढता येतात म्हणून वाचले. तुरुंगाच्या दप्तरात त्यांच्या नावापुढे उपयोगासाठी ठेवावे अशा आशयाचा शेरा पुढे सापडला. त्या दिवशी त्यांची अचानक गाठ पडली ती हिम हुई या माणसाशी. हा तुरुंगाच्या पहारेकऱ्यांतील एक म्होरक्या. कैद्यांना गाडीत घालून शहराबाहेर चोएउंग एक येथील खड्ड्यांकडे नेणाऱ्यांपैकी. मारणारे आणि मार खाल्लेले यांना एकमेकांसमोर आणायचे नाही असा पान यांचा तोवर दंडक होता. पण वान नाथांनीच पुढाकार घेतला. तुरुंगातील छळाची जी चित्रे त्यांनी १९७९ नंतर रंगवली होती आणि जी त्याच इमारतीच्या भिंतींवर टांगलेली होती, त्यांच्यासमोर त्यांनी हुईला नेले आणि एकेका चित्रापुढे उभे करून विचारले, हे असेच होते ना? यात मी काही वाढवून तर सांगितलेले नाही ना? हुईने होकार दिला.

आमच्या मते सारे मर्म या प्रश्नात आहे. वान नाथांना त्या माणसाकडून क्षमायाचना नको होती. त्यांना दुजोरा हवा होता. वाचलेल्यांच्या तोंडी हकिगतीला ‘ही अतिशयोक्ती’ असे म्हणणारे नेहमीच निघतात. त्यांना उत्तर देऊ शकेल असा साक्षीदार एकच, आणि तो म्हणजे ज्याने ते केले तो.

चित्रपटाच्या आरंभी हुई आपल्या खेड्यातील घरी दिसतो. कडेवर तान्हे मूल, भोवती म्हातारे आईबाप. घडले ते सगळे खरे सांग आणि मग मृतांसाठी विधी करून पाप फेड, असे आई त्याला सांगते. मी स्वखुशीने मारले असते तर ते पाप. मला वरून हुकूम होता, नाही म्हटले असते तर मीच मेलो असतो, असा त्याचा सूर आहे. डोके दुखते, जेवण जात नाही, असेही तो म्हणतो. याच्या लगोलग आपण दोन वाचलेल्यांना पाहतो. वान नाथांबरोबर चुम मे हे दुसरे गृहस्थ आहेत. ते यंत्रदुरुस्ती करणारे कारागीर. ज्या टंकलेखन यंत्रांवर कैद्यांचे जबाब टंकित होत ती बिघडली की दुरुस्त करायला माणूस हवा, म्हणून त्यांना जिवंत ठेवले गेले. त्यापूर्वी पायाची नखे उपटून व विजेचे झटके देऊन त्यांच्याकडून ते अमेरिकेच्या सी. आय. ए. चे व रशियाच्या के. जी. बी. चेही हस्तक असल्याचे कबूल करून घेण्यात आले होते. या संस्था कशाशी खातात हेही त्या बिचाऱ्यास ठाऊक नव्हते. तुरुंगाच्या आवारात पाऊल ठेवताच चुम मे यांना हुंदका आवरत नाही आणि वान नाथ त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभे राहतात.

आता दप्तराविषयी. आमची उभी हयात राज्य शासनाच्या सेवेत, आवक-जावक नोंदवह्या, नस्त्या आणि अभिलेख यांच्या सहवासात गेली. त्यामुळे या चित्रपटातील कागद पाहताना आम्हांला जे जाणवले ते कदाचित इतरांना तितकेसे जाणवणार नाही. एस-२१ मध्ये आलेल्या प्रत्येकाचे छायाचित्र घेतले जाई. त्याचे आत्मवृत्त लिहून घेतले जाई. मग जबाब, जबाबावर टिपण, टिपणावर वरिष्ठांचा शेरा, त्यानुसार पुन्हा जबाब. नावांच्या याद्या तारीखवार तयार होत आणि त्यांवर ‘कामटेच’ असा शब्द येई. मारणे, चिरडणे आणि मागमूसही राहू न देणे, असा तिहेरी अर्थ त्या शब्दात आहे असे पान सांगतात. चार हजारांहून अधिक जबाब आणि सहा हजारांच्या आसपास छायाचित्रे व त्यांच्या काचा-फिती आज शिल्लक आहेत. २००९ मध्ये युनेस्कोने हा संग्रह जागतिक स्मृतिपटात नोंदवला.

आमच्या सेवेच्या काळात आम्ही एक गोष्ट पाहिली. ज्या कामाबद्दल मनात किंतु असतो त्याचा हुकूम कोणी लेखी देत नाही. तो तोंडी दिला जातो, दूरध्वनीवर दिला जातो, ‘पाहून घ्या’ या दोन शब्दांत दिला जातो. मग एस-२१ च्या लोकांनी एवढे लिहून का ठेवले? आमचा तर्क असा की त्यांच्या मनात किंतुच नव्हता. शिवाय हे कागद पक्षाबाहेरचा कोणी कधी वाचील ही कल्पना त्यांना शिवली नव्हती. आणखीही एक कारण होते. अंग्कार कधी चुकत नाही हे गृहीतकृत्य; पण पीक बुडत होते, माणसे उपाशी मरत होती. तेव्हा कोठे तरी घातपात करणारे शत्रू असलेच पाहिजेत. ते शत्रू कागदावर निर्माण करण्याचे काम या कार्यालयाकडे होते. पकडलेल्याने आपल्या ‘साथीदारांची’ नावे द्यायची, मग त्यांना पकडायचे, त्यांनी आणखी नावे द्यायची. त्यामुळे येथे मेलेल्यांत ख्मेर रूजचे स्वतःचे कार्यकर्ते फार मोठ्या संख्येने आहेत, आणि तुरुंगाचे कित्येक कर्मचारीही अखेर त्याच कोठड्यांत गेले.

चित्रपटात एक माजी चौकशी अधिकारी एका तरुण परिचारिकेची नस्ती समोर घेऊन बसतो. छायाचित्र पाहून त्याला सारे आठवते. त्या मुलीला काय विचारले, तिने काही कबूल करण्यासारखे नव्हते तेव्हा तिला कसे धमकावले, आणि शेवटी इस्पितळात घातपात केल्याची एक असंबद्ध कहाणी तिच्याकडून कशी लिहवून घेतली, हे तो जवळजवळ खालच्या आवाजात, कार्यालयीन तपशिलाने सांगतो. तिच्या देहाकडे आपले लक्ष जात होते हेही त्याच्या बोलण्यातून निसटते. त्या जबाबावर तिची सही व अंगठा आहे. कागद नियमाप्रमाणे पूर्ण आहे. शासकीय नोकरी केलेल्या माणसाला त्या पूर्णत्वानेच कापरे भरते.

पान यांनी १९९६ मध्ये ज्या माहितीपटाचे काम केले तो हुत बोफाना नावाच्या तरुणीवर होता, आणि आमच्या वाचकांनी तिची कथा ऐकावी अशी आमची इच्छा आहे. या मुलीचा नवरा ख्मेर रूजचा कार्यकर्ता होता. दोघांची ताटातूट झाली होती आणि ती त्याला चोरून पत्रे लिहीत असे. प्रेमपत्र लिहिणे हाच गुन्हा होता. ती पत्रे पकडली गेली व तिच्या नस्तीत पुरावा म्हणून लावली गेली. ती पत्रांखाली ‘सेदा’ अशी सही करी. सेदा म्हणजे आपली सीता. कंबोडियात रामायण ‘रामकेर’ या नावाने शतकानुशतके नांदते आहे, आणि नॉम पेन्हच्या राजवाड्याच्या आवारातील भिंतींवर ते चितारलेले आहे. लंकेत अडकलेल्या सीतेचे नाव त्या मुलीने स्वतःसाठी निवडले. मार्च १९७७ मध्ये दोघांनाही मारण्यात आले. तिची नस्ती त्या दप्तरातील सर्वांत जाड नस्त्यांपैकी एक आहे. मारेकऱ्यांनी जपून ठेवली म्हणून तिची पत्रे आज उपलब्ध आहेत. २००६ मध्ये पान व त्यांच्या सहकाऱ्यांनी नॉम पेन्हमध्ये दृक्-श्राव्य अभिलेखांचे एक केंद्र उभारले, त्यास त्यांनी बोफानाचेच नाव दिले.

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील आपल्या जुन्या घराण्यांतून सनदा, वंशावळी, मोडी पत्रांचे रुमाल पेटीत जपण्याची रीत आहे. मुलूख सोडून आलेल्या माणसाला कागदाचाच आधार. त्या काळच्या कंबोडियात नेमके याच्या उलट झाले. घरातील छायाचित्रे, पदव्या, पुस्तके लोकांनी आपल्या हाताने जाळली वा पुरली. कारण तुम्ही कोण होता याचा पुरावा सापडणे म्हणजे मरण. घरोघरचा कागद नष्ट झाला आणि कागद उरला तो फक्त मारणाऱ्यांकडे.

चित्रपटातील ज्या प्रसंगाची जगभर चर्चा झाली त्याकडे आता वळू. एक पहारेकरी आहे. तुरुंगात नोकरीला लागला तेव्हा तो पोरसवदाच होता. खेड्यातील गरीब घरांतून अशीच मुले मुद्दाम निवडली जात. पान यांनी त्याला प्रश्न विचारले तेव्हा तो अडखळे, वाक्ये अर्धवट सोडी. पण बोलता बोलता त्याचे हात मात्र आपोआप हलत. हे पाहून पानांनी त्याला त्या रिकाम्या खोलीतच नेले, आणि तेव्हा करीत होतास ते कर, असे सांगितले. खोलीत आता कोणी नाही. त्या काळी तेथे माणसे जमिनीवर दाटीवाटीने, लोखंडी कांबीला पाय अडकवून, ओळीने निजवलेली असत. पहारेकरी येतो. कुलूप हलवून पाहतो. दार उघडून आत जातो. अदृश्य कैद्यांच्या कड्या तपासतो. कोणी उठून बसले म्हणून खेकसतो, एकाला चापट मारण्याची धमकी देतो. शौचासाठी दारूगोळ्याची रिकामी पेटी आणून देतो, दुसऱ्या कोणाला पाण्याचे भांडे. बाहेर येतो, दार लावतो, खिडकीतून पुन्हा दरडावतो. मग पुन्हा आत. आवाज हळूहळू चढत जातो. पंचविशीनंतर शरीराने ती सारी कवाईत जशीच्या तशी राखून ठेवली आहे.

हे चित्रित करताना कॅमेरा दाराशी थांबतो. तो त्या माणसाच्या मागे खोलीत शिरत नाही. पुढे पानांनी याचे कारण सांगितले ते असे : आत गेलो असतो तर जमिनीवर निजलेल्या कैद्यांच्या अंगावर पाय पडला असता. आमच्या दृष्टीने सबंध चित्रपटातील नीतिविचार त्या उंबऱ्यावर आहे. पहारेकरी कैद्यांवरून बिनदिक्कत चालतो, कारण त्याच्या लेखी ते तेव्हाही माणसे नव्हते. चित्रकर्ता मात्र रिकाम्या फरशीवरही पाय ठेवीत नाही.

असे नाट्य करवून घेणे योग्य आहे काय, अशी शंका आमच्या एका वयोवृद्ध स्नेह्यांनी काढली होती. मारेकऱ्याला पुन्हा मारेकऱ्याची भूमिका दिली तर त्याला त्यात एक प्रकारचा आनंद तर होणार नाही? प्रश्न रास्त आहे. पण येथे कोणाला भूमिका दिलेली नाही. वेषभूषा नाही, कैद्यांची कामे करणारे नट नाहीत, मारझोड दाखवलेली नाही. फक्त जागा आहे, वेळापत्रक आहे आणि एका माणसाचे अवयव आहेत. जिभेला जे टाळता आले ते अवयवांना टाळता आले नाही.

मग येतो समोरासमोरचा प्रसंग. माजी पहारेकरी, चौकशी करणारे, नोंदी ठेवणारे असे एकत्र बसले आहेत आणि त्यांच्यासमोर वान नाथ. केस पांढरे झालेले, आवाज अतिशय संथ. ते शिवी देत नाहीत, बोट रोखत नाहीत. एका शिक्षकाने विद्यार्थ्यांना गणित समजावून घ्यावे तसे ते विचारतात. तुम्ही स्वतःला काय समजता? उत्तर येते की आम्हीही बळीच. हुकूम मोडला असता तर आमचीच पाळी होती. वान नाथ विचारतात, तुम्ही बळी, तर मग येथे जे मेले त्यांना काय म्हणायचे? माझ्यासारख्याला काय म्हणायचे? बायका होत्या, तान्ही मुले होती, ती कोणाची शत्रू होती? तुम्हांला कधी विचार करावासा वाटला नाही काय? उत्तर पुन्हा तेच : अंग्कारने शत्रू म्हटले म्हणजे शत्रू, आम्ही लहान होतो, आम्हांला तसे शिकवले होते.

या उत्तरात असत्य काहीच नाही, हीच त्यातली अडचण आहे. ती मुले खरोखरच लहान होती. हुकूम मोडणारा खरोखरच मारला जात होता. परंतु वान नाथ जे हुडकत आहेत ते निराळेच. भीतीने हात चालला हे समजू शकते. पण भीतीने चालणारा हात आपल्या मनाने अधिक काही करीत नाही. रात्री कोणी पाहत नसताना कैद्याला उगाच मारले, परिचारिकेकडे पाहून मन चाळवले, चांगला जबाब मिळाला म्हणून समाधान वाटले, हे हुकमात कोठे होते? हुकूम आणि माणूस यांच्यामध्ये जी लहानशी फट उरते तेथे ते बोट ठेवतात. आम्ही सेवेत असताना हुकूम पाळले आणि हुकूम दिलेही. प्रत्येक हुकमाची अंमलबजावणी करणारा त्यात आपल्या पदरचे काहीतरी घालतो, कधी दया, कधी जरब, हे कोणत्याही तालुक्याच्या कचेरीत बसलेला माणूस जाणतो. म्हणून ‘वरून हुकूम होता’ हे वाक्य आम्हांला कधीच पुरते उत्तर वाटले नाही. त्या वाक्याने चौकशी संपत नाही, सुरू होते.

याच प्रकारचा दुसरा प्रसिद्ध माहितीपट म्हणजे जोशुआ ओपनहायमर यांनी इंडोनेशियातील १९६५-६६ च्या हत्यांवर केलेला ‘द ॲक्ट ऑफ किलिंग’. तो २०१२ चा. त्यात सुमात्रातील मेदान शहराचे मारेकरी आपापल्या कृत्यांचे चक्क नाट्यीकरण करतात, रंगीबेरंगी पोशाखांत, हॉलिवूडच्या थाटात. अनेकांना तो अधिक धक्कादायक वाटला, आणि तो आहेही. परंतु दोहोंत एक मूलभूत भेद आहे. इंडोनेशियातील मारेकरी जिंकलेले होते. त्यांच्यावर कधी खटला झाला नाही, गावात त्यांचा दरारा कायम होता, म्हणून ते फुशारकी मारतात. एस-२१ चे पहारेकरी हरलेल्या राजवटीचे, कफल्लक, आपापल्या शेतावर परतलेले. त्यांच्यात फुशारकी नाही आणि पश्चात्तापही धड नाही. २०१४ च्या ‘द लुक ऑफ सायलेन्स’मध्ये ओपनहायमर यांनी मारल्या गेलेल्या एकाच्या धाकट्या भावालाच मारेकऱ्यांच्या घरी नेले, तो चित्रपट आम्हांला पानांच्या कामाच्या अधिक जवळचा वाटतो.

एस-२१ चा प्रमुख मात्र या चित्रपटात नाही. कांग केक इउ हे त्याचे नाव, दुच हे टोपणनाव. मूळचा गणिताचा शिक्षक. सह्या, शेरे, लाल शाईच्या खुणा या त्याच्या. १९७९ मध्ये नॉम पेन्ह सोडताना दप्तर जाळायचे राहून गेले, आणि त्याबद्दल आपल्या वरिष्ठाने आपल्याला दोष दिला, असे त्याने पुढे सांगितले. वीस वर्षे तो नाव बदलून राहिला, ख्रिस्ती झाला, मदतकार्य करणाऱ्या संस्थांत वावरला. १९९९ मध्ये एका छायाचित्रकाराने त्याला ओळखले. संयुक्त राष्ट्रसंघ व कंबोडिया यांच्यात संयुक्त न्यायासनाचा करार जून २००३ मध्ये झाला, म्हणजे चित्रपट प्रथम दाखवला गेला त्याच सुमारास. त्या राजवटीचा नामधारी राष्ट्रप्रमुख ख्यू सांफान तोवर एस-२१ बद्दल आपल्याला काही ठाऊकच नव्हते असे म्हणत आला होता. हा चित्रपट पाहिल्यावर २००३ च्या अखेरीस त्याने ती राज्याचीच संस्था होती हे मान्य केले. एखाद्या माहितीपटाने एवढे केले तरी पुष्कळ झाले.

न्यायासनाचे काम २००६ मध्ये सुरू झाले आणि कूर्मगतीने चालले. प्रचंड खर्च होऊन अखेर तिघांनाच शिक्षा झाली : दुच, नुओन चेआ आणि ख्यू सांफान. पोल पॉट १९९८ मध्येच मेला होता. दुचने अपराध कबूल केला, क्षमा मागितली आणि खटल्याच्या शेवटच्या दिवसांत मला सोडून द्या अशीही मागणी केली. हिम हुई व त्याच्यासारख्या पहारेकऱ्यांवर खटला झाला नाही. ते साक्षीदार म्हणून आले. यावर तेथील पीडित कुटुंबांत तीव्र मतभेद होते व आहेत. आम्हांला विचाराल तर, खालच्यांची साक्ष घेऊन वरच्यांना शिक्षा करण्याचा मार्ग व्यवहार्य होता. तो न्याय्य होता असे मात्र आम्ही म्हणणार नाही. पानांनी २०११ मध्ये एकट्या दुचवर आणखी एक चित्रपट केला. त्यात तो मेजापाशी बसून आपलेच जुने कागद वाचतो, हसतो, अवतरणे देतो. तो माणूस हुशार आहे आणि हुशारीमागे लपता येते. पहारेकऱ्यांना ती सोय नव्हती, म्हणून आमच्या दृष्टीने आधीचा चित्रपट श्रेष्ठ.

तुओल स्लेंगची इमारत, चोएउंग एकची मैदाने आणि दुचने १९७५ पूर्वी चालवलेली जंगलातील एम-१३ ही छावणी या तिन्ही स्थळांना जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंदवले. वान नाथांची चित्रे त्या इमारतीत आहेत. २९ जून २००९ रोजी त्यांनी न्यायासनापुढे दुचच्या समोर साक्ष दिली. जुलै २०१० मध्ये दुचला पस्तीस वर्षांची शिक्षा झाली. पूर्वीच्या अटकेची वजावट जाता एकोणीसच उरत होती, त्यावर सरकारी पक्षाने अपील केले. ३ फेब्रुवारी २०१२ रोजी ती जन्मठेपेत बदलली गेली, आणि ती भोगतच दुच २०२० च्या सप्टेंबरात मेला. अपिलाचा निकाल लागला तेव्हा वान नाथ हयात नव्हते. मूत्रपिंडाच्या दीर्घ आजाराने ५ सप्टेंबर २०११ रोजी नॉम पेन्हमध्ये त्यांचे निधन झाले होते.